वसुलीच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. सात महिन्यांनी निवृत्त होईन. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं, तेव्हा २०१३ मध्ये मला एक वेतनवाढ चुकून जास्त लागल्याचं निघालं. आता १,८६,४०० रुपये अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेली रक्कम, दाखवलंय. ‘वसुलीस माझी हरकत नाही’ असं लिहून द्या, नाहीतर पेन्शन केस पुढे जाणार नाही, असं सांगतात. पैसे माझ्या हक्काचे नव्हते हे खरं, पण मी ते मागितलेही नव्हते. परत करावेच लागतील का?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नका. झाली असेल तर कधी आणि कोणत्या शब्दांत, ते कळवा. मग उत्तर बदलतं.

मी अठ्ठावीस वर्षं आस्थापनेच्या टेबलावर काढली, त्यामुळे हा कागद कसा जन्माला येतो ते मला ठाऊक आहे. पथकाचा आक्षेप येतो, लिपिकाला फाइल टेबलावरून हलवायची असते. तो दोन ओळी टाइप करतो आणि म्हणतो, ‘मॅडम, सगळेच देतात.’ मीही टाइप केल्यात. त्यातली एक आमच्या शिपाईमामांसाठी होती. सहाव्या वेतन आयोगानंतर १ जुलैला वेतनवाढीसाठी लागणारे सहा महिने भरत नसताना मी त्यांना वेतनवाढ लावून बसलो होतो. चूक माझी, सेवापुस्तकातलं अक्षर माझं, आणि पैसे गेले त्यांच्या उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून. मामांनी विचारलं फक्त, ‘साहेब, सही कुठं करू?’

तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा रफीक मसीह प्रकरणातला निकाल आलेला नव्हता. तो आला १८ डिसेंबर २०१४ रोजी. कार्यालयाच्या चुकीने जास्त पैसे मिळालेल्यांपैकी कोणाकडून वसुली करू नये, याचे पाच प्रकार त्यात दिलेत. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत आलेले. तुम्ही या तिन्हींत बसता. उरलेल्या दोनांकडे जायची तुम्हाला गरज नाही. अट एकच, तुम्ही काही लपवलेलं किंवा खोटं सांगितलेलं नसावं.

कार्यालय मात्र २०१६ चा जगदेव सिंग निकाल पुढे करेल. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असं वचनपत्र दिलेल्याला निवृत्तीचं कारण सांगून सुटता येत नाही, असं त्यात म्हटलंय. असं वचनपत्र आयोगाच्या वेळी तुम्हीही दिलं असणार. न वाचता, आम्ही सगळ्यांनी दिलं तसंच. पण जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते, वर्ग तीनचे नव्हेत. शिवाय तुमचं वचनपत्र कोणत्या वेतननिश्चितीचं आणि चूक कोणती, हेही ताडून पाहा. हरकतीच्या अर्जात दोन्ही मुद्दे लिहा.

एका गोष्टीवर भांडू नका. चुकीची वेतनवाढ काढून पगार पुढे दुरुस्त होणार, आणि पेन्शनही त्या दुरुस्त पगारावरच बसणार. तो त्यांचा अधिकार आहे.

तुमच्या मनाला लागलंय ते वेगळं. एकाच महिन्याचा पगार खात्यात दोनदा जमा झाला, तर तो परत करायचाच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७२ तेच सांगतं, आणि ते सांगायला कायदा तरी कशाला हवा? पण दरमहा थोडे थोडे येऊन घरखर्चात विरलेले पैसे निवृत्तीच्या तोंडावर एकरकमी मागणं म्हणजे शासनाला परत मिळण्यापेक्षा माणसाला जाच जास्त. न्यायालयाने हेच पारड्यात घातलं.

आता कामाचं. तोंडी बोलण्यावर जाऊ नका, वसुलीचा आदेश लेखी मागा. हरकत द्या आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर आदेशापासून एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. (हा मजकूर जिल्हा परिषदेतलं कोणी वाचत असेल तर त्यांना उच्च न्यायालय गाठावं लागतं.) पेन्शन रखडली तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मंजूर करता येतं, हेही अर्जात घाला, टेबलावरचे लोक ते आपणहून सांगत नाहीत.

आणि १,८६,४०० चा महिनावार तक्ता मागून घ्या. महागाई भत्त्याचे दर बदलताना त्यात काय काय चुका होतात, ते मला स्वतः केलेल्या तक्त्यांवरून ठाऊक आहे.