शिष्ट, सोवळा की शहाजोग?

प्रश्न: स्वतः काटेकोर वागून सतत दुसऱ्यांना नावं ठेवणाऱ्याला ‘शिष्ट’ म्हणावं का?

उत्तर: नको. ‘शिष्टाचार’, ‘शिष्टमंडळ’ यांत या शब्दाचा मान टिकला. बोलण्यात मात्र तो आढ्यताखोर झाला. शिवाय शिष्ट माणूस नावं ठेवेलच असं नाही, बहुधा तो बोलतच नाही! ‘कर्मठ’ रूढीपुरता. तुमच्या माणसाला ‘सोवळा’ जवळचा. सोवळं म्हणजे विटाळापासून राखलेली शुद्धता, पूजेचं वस्त्रही. पण नुसतं ‘तो सोवळा आहे’ म्हटलं तर स्तुती वाटेल. ‘स्वतःला फार सोवळा समजतो’ असं म्हणा, टोमणा नीट लागतो. आव ढोंगी असेल तर ‘शहाजोग’. हा हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्यासाठी लिहिलेल्या जुन्या व्यापारी चिठ्ठीच्या, व्यवहारातला शब्द: शहाजोग हुंडीचे पैसे पतदारालाच मिळत.