देव कृपेने माफ करतो तर मग रोजच्या वागण्याची जबाबदारी आपल्यावर किती?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की दिवसा बायकोवर ओरडता, रात्री गुडघे टेकून देवाची माफी मागता, मन हलकं होतं आणि दोन दिवसांनी परत तेच, मग मी खोटा ख्रिस्ती का कृपाच खोटी? मी काही पास्टर नाही, नवापूर तालुक्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहानाचा मोठा झालो एवढंच, पण हा प्रश्न आमच्याकडे कॉटेज मिटिंगमध्ये, म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभेत, कोणी ना कोणी काढतंच म्हणून लिहितो.

मला तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट खटकली. ओरडलात बायकोवर आणि माफी मागितली देवाची. तिच्याकडे गेलात का, हे कुठंच नाही. बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ काढून बघा, येशू म्हणतो वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. आपलं बरोबर उलटं चालतं, देवाशी मिटलं म्हणजे घरच्यांचंही मिटलं असं धरून आपण जेवायला बसतो.

उसनवारीत तर हे फार दिसतं. कापसाच्या बियाण्याला शेजाऱ्याकडून पैसे घ्यायचे, कापूस विकला तरी द्यायचे नाहीत, आणि रविवारी उभं राहून साक्ष द्यायची की प्रभूने माझं सगळं कर्ज फेडलं, हल्लेलुया! शेजारी मागच्या सतरंजीवर बसून ऐकतोय. प्रेषित पौलाने फिलेमोनाला चिठ्ठी लिहिली ती छोटीशीच आहे, एकदा वाचा. ओनेसिम हा फिलेमोनाचा दास, मालकापासून दुरावलेला, पौल त्याला परत पाठवतो आणि मालकाला म्हणतो याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन. देणं हवेत विरलं असं पौल म्हणत नाही, ते कोणीतरी अंगावर घेतलं. माझ्या मते कृपा म्हणजे हेच, आणि ज्याच्यासाठी कोणी एवढं अंगावर घेतलं त्याने शेजाऱ्याचे दोन-पाच हजार बुडवायचे हे मला तरी पटत नाही.

आता जक्कय, लोकांना लुबाडणारा जकातदार. नाताळच्या नाटकात नसतो पण संडे स्कूलला सगळ्यांनी ऐकलेला, उंबराच्या झाडावर चढणारा तोच (लूक १९). तिथं क्रम बघा. येशू आधी म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचंय, पैसे परत कर मग येतो असं नाही म्हणत. आणि त्यानंतर हा जकातदार आपण होऊन बोलतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. जुन्या करारातल्या गणना ५:७ प्रमाणे गुन्हा कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला की झालं असतं, हा चौपटीवर गेला. धाकाने दिलं असतं तर हिशोबाने दिलं असतं ना.

पण दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, कारण तुम्ही स्वतःला खोटा म्हणताय. आमच्या मंडळ्यांची एक वाईट सवय आहे, स्वतःसाठी कृपा काढायची आणि दुसऱ्यासाठी जबाबदारी. एखाद्याने दारू सोडली, वर्षभर नीट राहिला आणि होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून परत प्यायला, की लगेच सगळे म्हणणार याचा विश्वासच कच्चा होता. अरे पण तो वर्षभर राहिला ते काय होतं मग? पौल १ करिंथ १५:१० मध्ये म्हणतो जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे, आणि त्याच दमात म्हणतो मी इतरांपेक्षा जास्त श्रम केले, आणि लगेच परत म्हणतो की ते मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये पण असंच, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. अर्धं देवाचं अर्धं आपलं अशी वाटणी तिथं नाहीच, म्हणून माझ्यावर किती टक्के हा प्रश्न मी कधीच सोडून दिला.

केळीवाले लोक यावर ठिबकचा दाखला देतात, पाणी वरून येतं, आपण फक्त नळ्या चोकअप होऊ द्यायच्या नाहीत. चांगला आहे, पण नळीला बायकोसमोर उभं राहून चुकलो म्हणावं लागत नाही, तिथं तो दाखला संपतो.

तर रात्रीच्या प्रार्थनेआधी तिच्याशी बोला. नुसतं सॉरी नको, काय बोललात ते सांगून माफी मागा, आणि "पण तू पण" हे शब्द तोंडातून काढू नका. पोरांसमोर ओरडला असाल तर त्यांच्यासमोरच मागा. राग कधी येतो तेही बघा, कामावरून आल्यावर, पैशाचा विषय निघाल्यावर, का दोन घोट घेतल्यावर, ते ओळखून आधीच बाहेर एक चक्कर मारून येणं यात अविश्वास काही नाही. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला सांगून ठेवा, आठवड्याने विचारा म्हणावं.

आणि तिने लगेच असू द्या म्हणावं ही अपेक्षा ठेवू नका, वचन दाखवून तर अजिबात नाही. तिला महिने लागू शकतात. हात उगारण्यापर्यंत गेलं असेल तर मात्र विषय वेगळा, ती काही दिवस माहेरी राहते म्हणाली तर अडवू नका आणि स्वतः समुपदेशकाकडे जा, प्रार्थना तिथं जातानाही करता येते.