सायनाइडवर उतारा असतो का?

प्रश्न : माझे मिस्टर चांदीच्या दागिन्यांना मुलामा देण्याच्या कारखान्यात आहेत. तिथल्या टाकीत सायनाइड असतं. ‘ह्याच्यावर औषध नाही, चव सांगायलासुद्धा माणूस उरत नाही,’ असं सगळे हसत सांगतात. खरंच काही उतारा नाही का?
– एक वाचक, हुपरी

उत्तर : ताई, उतारा आहे, आणि एकाहून जास्त आहेत. चवीची गोष्ट चहाच्या टपरीवर सोडून द्या.

सायनाइड पेशींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरातल्या (एन्झाइममधल्या) लोहाला जाऊन चिकटतं. मग रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही पेशींना तो वापरता येत नाही. अशा रुग्णाचं शिरेतलं रक्त काळपट असायच्या ऐवजी लालभडक येऊ शकतं. सिरिंजमध्ये ते तसं दिसलं आणि सोबतचा माणूस ‘प्लेटिंगच्या कारखान्यातून आणलंय’ म्हणाला, की आम्ही रिपोर्टची वाट बघत बसत नाही.

जुना उतारा 1930च्या दशकातला, जरा आडवळणाचा. आधी शिरेतून सोडियम नायट्राइट. त्याने थोड्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, आणि त्यातलं लोह सायनाइडला पेशींतून बाहेर खेचून घेतं. मागोमाग सोडियम थायोसल्फेट. यकृतातलं रोडनीज हे विकर त्यातलं गंधक सायनाइडला जोडतं, त्याचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे जातं. थायोसल्फेट म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपोच. 1984च्या भोपाळ दुर्घटनेनंतर वायुपीडितांना ते द्यावं की नाही यावरून मोठा वाद झाला होता.

नायट्राइटने रक्तदाब घसरतो आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिनही कमी होतं. फोमच्या गाद्या किंवा नायलॉन जळलं की धुरातही सायनाइड असतं, पण जोडीला हिमोग्लोबिन अडवून ठेवणारा कार्बन मोनॉक्साइड असल्यामुळे अशा रुग्णाला नायट्राइट द्यायला आम्ही कचरतो.

तिथे हायड्रॉक्सोकोबालामिन बरं. अमेरिकेत त्याला 2006 साली मान्यता मिळाली. बाटलीत गडद लाल भुकटी असते. तिच्यात 200 मिली सलाईन घालून बाटली जोरात न हलवता हळूहळू उलटीसुलटी करायची आणि 5 ग्रॅमचा हा डोस साधारण 15 मिनिटांत शिरेतून सोडायचा. त्यातला कोबाल्ट सायनाइडला धरतो आणि तयार होतं सायनोकोबालामिन, म्हणजे बी-12 जीवनसत्त्वच! लघवी काही आठवडे लाल होते, कातडीही लालसर दिसते. नातेवाईक त्यानेच जास्त घाबरतात. आता यावरून मिस्टरांना रोज बी-12ची गोळी सुरू करू नका. मुंग्या येतात म्हणून मिळणारी ती गोळी 1500 मायक्रोग्रॅमची, शिवाय त्यातलं कोबालामिनही वेगळं. तिचा इथे काडीचा उपयोग नाही.

आता कामाचं. कुणी कोसळला तर नुसता रुमाल बांधून आत धावू नये. दुसरा माणूसही तिथेच पडतो. त्याला सुरक्षितपणे मोकळ्या हवेत आणता आलं, तर हातमोजे घालून भिजलेले कपडे काढा, अंग भरपूर पाण्याने धुवा, 108 ला फोन करा. तोंडाने श्वास देऊ नका. ॲसिडचा कॅन आणि सायनाइडचा डबा एका खोलीत असतील तर आजच वेगळे करायला लावा. आणि मालकांनी जवळच्या दोन-तीन रुग्णालयांत आधीच विचारून ठेवावं, यांपैकी कोणतं औषध त्यांच्याकडे असतं. सगळीकडे ते मिळतंच असं नाही. रुग्ण नेताना ‘चक्कर आली’ म्हणू नका. दारातच ‘सायनाइड’ म्हणा.