पोस्टडॉकची लॅब एच-इंडेक्सवरून निवडू नका

तुम्ही विचारलंत: स्नायूंवरची पीएच.डी. संपत आलीय, परदेशातून पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या, दोन ऑफर आहेत, एका प्राध्यापकांचा एच-इंडेक्स ६० आणि दुसऱ्यांचा २२, सोबत सातवीतली मुलगी, तर ६० वाल्यांकडेच जावं ना? व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, त्यात शिरत नाही. पण त्या ६० वर तुम्ही एवढा भार टाकलाय, ते वाचून राहवलं नाही.

एच-इंडेक्स ६० म्हणजे प्रत्येकी किमान ६० सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख) असलेले ६० निबंध. हा आकडा कधी उतरत नाही, वयाबरोबर चढतच जातो. गूगल स्कॉलरवर तो वेब ऑफ सायन्सपेक्षा बहुधा मोठा दिसतो, तेव्हा दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे आहेत ना ते बघा. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात तो आकडा, मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांना धरून निघतो आणि आपला विषय सावकाश पिकणारा. बेडकाच्या स्नायुतंतूंवरचा गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांचा १९६६ चा निबंध लोक अजून उद्धृत करतात.

त्यापेक्षा दोघांनाही एक प्रश्न पाठवा: तुमच्या कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी) उंदरांच्या ईडीएल या पायातल्या स्नायूचा स्पेसिफिक फोर्स, म्हणजे छेदाच्या दर चौरस मिलिमीटरमागचं बल, किती येतो? हिशेब सोपा आहे. स्नायू १० मिलिग्रॅम, लांबी १२ मिलिमीटर. तंतूची लांबी त्याच्या ०.४५ पट, म्हणजे ५.४ मिलिमीटर. वजनाला ५.४ आणि घनता १.०६ यांच्या गुणाकाराने भागलं की छेद निघतो सुमारे १.७५ चौरस मिलिमीटर. टेटॅनसला (आजार नव्हे, सलग स्टिम्युलेशनने आलेलं स्नायूचं पूर्ण आकुंचन) ४०० मिलिन्यूटन बल आलं तर दर चौरस मिलिमीटरला साधारण २२९ मिलिन्यूटन. पंचवीस अंशांना २०० ते २५० च्या आसपास उत्तर आलं तर हात चांगले आहेत. सतत १२० येत असेल तर काढताना स्नायू ओढला जातोय, स्नायू बांधायच्या रेशमी धाग्याची गाठ टेंडनवरून सरकतेय, किंवा स्टिम्युलेशन कमी पडून सगळे तंतू पेटतच नाहीत. तापमान ३७ वर नेलं तर ९५ टक्के ऑक्सिजन सोडूनही तो स्नायूच्या गाभ्यापर्यंत पुरत नाही. सायटेशनच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

निघण्यापूर्वी जुन्या गाइडांकडून लेखकांचा क्रम आणि डेटाचा हक्क ईमेलवर लिहून घ्या. कच्च्या फाइल्सबरोबर त्या दिवसाचं कॅलिब्रेशनही घ्या, व्होल्टचे मिलिन्यूटन कशाने केले ते. निबंध तपासणारा रिव्ह्यूअर दीड वर्षाने विचारतो आणि तोवर बल मोजणारा ट्रान्सड्यूसर बदललेला असतो. ग्लिसरॉलमध्ये उणे २० ला ठेवलेले तंतू न्यायचे असतील तर दोन्ही संस्थांमधला मटेरियल ट्रान्सफर (नमुने देण्याघेण्याचा) करार आणि आयात परवाना आधीच सुरू करा.

खरी चीड येते ती प्राणी हाताळण्याच्या परवान्याची. इतकी वर्षं केलेलं काम नव्या देशात बहुतेक वेळा धरलंच जात नाही. पुन्हा कोर्स, पुन्हा नैतिक समितीची मंजुरी, वर रिगची, म्हणजे प्रयोगाच्या यंत्रसंचाची, जुळवाजुळव, आणि प्रोफाइलवर मोकळं वर्ष दिसतं. म्हणून एक निबंध असा घेऊन निघा, ज्याचे प्रयोग संपलेत आणि फक्त लिहायचं उरलंय. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक आजच काढा आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा, नाहीतर स्कोपस या निबंधांच्या डेटाबेसवर तुमची दोन माणसं होतात आणि सायटेशन्स वाटली जातात.

मुलीचं मात्र हलक्यात घेऊ नका. शाळा कधीकधी भाषेवरून मूल खालच्या वर्गात बसवते आणि येत असलेलं गणितही तिथेच अडकतं. गणिताची चाचणी वेगळी घ्यायला लेखी सांगा, गुणपत्रिकांबरोबर अभ्यासक्रमाचंही भाषांतर न्या. करार एकेका वर्षाचा असेल तर तिला पुन्हा शाळा बदलावी लागेल. आपल्या निबंधांपायी लेकरांनी किती शाळा बदलायच्या, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

एकटेपणा येतोच, त्यावर जास्त लिहीत नाही.

तेव्हा त्या पत्रात आणखी दोन प्रश्न घाला: करार किती वर्षांचा, आणि आधीचे तीन पोस्टडॉक आता कुठे आहेत? २२ वाल्यांनी बलाचा मूळ आलेख आणि त्या तिघांचे पत्ते न कुरकुरता पाठवले, तर मी त्यांच्याकडेच जा म्हणेन.