निळा इग्वाना हा मोठा सरडा खरंच निळा असतो का? आणि तो राहतो कुठे?

हो, पण दिवसभर नाही. पहाटे कपारीतून बाहेर येतो तेव्हा तो खडकासारखा करडा दिसतो. ऊन अंगात मुरलं की निळाई चढते, नराची जास्त गडद. हा फक्त कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावरचा. तिथला चुनखडीचा खडक धारदार, भोकाभोकांचा. त्याच भोकांत तो रात्री दडतो. लांबी शेपटीसकट दीड मीटरपर्यंत. खाणं मुख्यतः पानं, फुलं, फळं. मादी मातीत बीळ खणून अंडी घालते. कुत्री, मांजरं आणि मोटारींनी त्याचा घात केला: २००२ च्या सुमारास रानात जेमतेम १० ते २५ उरले होते! पिल्लं बंदिस्त जागेत वाढवून सोडली, २०१८ पर्यंत हजारावर. मला हे फार मोलाचं वाटतं.