भीमेच्या काठाने सायकलवर एक दिवस

प्रश्न : मी सोलापुरात राहतो आणि रोज सायकलने कामावर जातो. दिवाळीनंतर एका दिवसात शंभरएक किलोमीटरची सफर भीमेच्या काठाकाठाने करावी, असा विचार आहे. पंढरपूरपासून हत्तरसंग-कुडलच्या संगमापर्यंत नदी न सोडता जाता येईल का? नसल्यास कोणता मार्ग घ्यावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नदी न सोडता जाणे एका दिवसात जमणार नाही, आणि तसा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून जिला चंद्रभागा म्हणतात, ती भीमा तेथून खालीही वळणे घेतच जाते. शिवाय काठापर्यंत ऊस असल्यामुळे सलग रस्ता नाही. पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या खोल्यांकडे जाणाऱ्या पाणंदी नदीशी जाऊन संपतात आणि त्याच वाटेने माघारी यावे लागते. त्यात उसाला पाणी दिलेले असेल, तर ओली काळी माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते आणि काडीने ती उकरत बसण्यात तासन्‌तास जातात.

त्याऐवजी सोलापूरहून मंगळवेढ्यापर्यंत जाऊन परत यावे. हे अंतर जाऊन-येऊन सुमारे ११० किलोमीटर भरते आणि रस्ता पक्का व बहुतांशी सपाट आहे. वाटेत तिऱ्ह्याजवळ सीना ओलांडावी लागते. हीच सीना पुढे कुडलला भीमेला मिळते. कामती मागे टाकून बेगमपूरच्या पुलावर पोहोचलात की भीमा प्रथम दिसते, आणि पलीकडच्या काठाला माचणूर आहे.

माचणूरला घाईने पुढे जाऊ नका. सकाळी लवकर निघालात, तर ऊन चढण्यापूर्वी येथे पोहोचाल. सिद्धेश्वराच्या देवळाजवळून दगडी पायऱ्या नदीत उतरतात आणि जवळच जुन्या किल्ल्याची तटबंदी उभी आहे. मराठ्यांशी चाललेल्या लढाईत औरंगजेबाने शेजारच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे छावणी ठेवली होती. एवढ्या मोठ्या लष्कराची, हत्तीघोड्यांची आणि उंटांची तहान भागवायला बारमाही पाणी लागते, हे या पायऱ्यांवर बसून नदीकडे पाहिले की नीट उमजते. आमच्या मते नदीकाठच्या सफरीचा खरा वेळ अशा ठिकाणी घालवावा. काठाने किती किलोमीटर चाललो, याचा हिशेब दुय्यम आहे. तेथून मंगळवेढा जवळच आहे. दामाजी आणि चोखोबा या संतांच्या या गावाची ज्वारी प्रसिद्ध आहे. डिसेंबरात जाल, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ती डोलताना दिसेल.

दिवस ठरवताना दिवाळीनंतर दहा-अकरा दिवसांनी येणारी कार्तिकी एकादशी टळू द्या, कारण त्या सुमारास पंढरपूरच्या आसपासचे सगळे रस्ते गजबजलेले असतात. हिवाळ्यात आपल्याकडे बहुधा पूर्वेचा वारा असतो. जाताना तो पाठीशी असल्यामुळे अंतर सहज कापले जाते, पण परतीला तोच तोंडावर येतो. म्हणून निम्म्याहून अधिक दम परतीसाठी राखावा आणि दुपारी एकच्या आत मंगळवेढा सोडावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय जातात, काही तर उलट्या बाजूने येतात. त्यामुळे अंधारापूर्वी घरी पोहोचणे ही या सफरीची पहिली अट समजावी.

बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्यावी. ही शिदोरी उन्हात विटत नाही. पाणी भरपूर घ्यावे आणि एका बाटलीत मीठ, साखर व लिंबू घालावे.

बंधाऱ्यावरून पलीकडे जाण्याचा मोह होईल. पाणी वरून वाहत असेल, तर ते घोट्याएवढे दिसले तरी पाऊल टाकू नये. सोलापूर शहरासाठी उजनी धरणातून नदीत पाणी सोडतात आणि ते खाली औज बंधाऱ्यात अडवतात. त्यामुळे पाऊस नसतानाही भीमेची पातळी वाढते.

हत्तरसंग-कुडलसाठी दुसरा दिवस ठेवा. ते सोलापूरच्या दक्षिणेस आहे आणि तेथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत गणला जातो. तो सावकाश पाहण्यासारखा आहे.

प्रश्न : नदीकडच्या वाटेवर एकदा पंक्चर काढले की थोड्या अंतरावर त्याच चाकाची हवा पुन्हा जाते. असे का होते? (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : बहुधा वेड्या बाभळीच्या काट्यामुळे. काटा बाहेरून मोडतो, पण त्याचे टोक टायरच्या जाडीत रुतून राहते आणि ठिगळ लावलेली ट्यूब पुन्हा टोचते. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून कापडाची चिंधी सावकाश फिरवावी. जेथे धागा अडकेल, तेथे टोक आहे. ते चिमट्याने ओढून काढावे किंवा आतून बाहेर ढकलावे. ट्यूबवरचे छिद्र वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे, हे पाहून टायरचा तोच भाग आधी तपासला, तर वेळ वाचतो. एक जादा ट्यूब जवळ असू द्यावी, म्हणजे ठिगळाचे काम सावलीत करता येते.