पहिल्यांदा इटालियन खायला जाताना

पाचपाखाडीतलं असो की वाशीतलं, घराजवळचं छोटं इटालियन हॉटेल निवड, आणि शनिवारी रात्री मुळीच जाऊ नकोस. आठवड्याच्या मध्ये, सात-साडेसातला जा. तेव्हा वेटरला तुझ्याशी चार शब्द बोलायला सवड असते. त्याच्याशी ओळख झाली की निम्मं काम झालं.

पहिल्या खेपेला मार्गारिटा पिझ्झाच मागव. टोमॅटो, मोझरेला, बेसिल, बस्स. लपवायला काहीच नाही, म्हणून स्वयंपाकघराची खरी परीक्षा तिथेच होते. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत साधारण ४८० अंश सेल्सिअसला दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. त्यामुळे कडेवर काळे ठिपके येणारच, जळला म्हणून परत पाठवू नकोस. ऑरेगॅनो-चिली फ्लेक्सची पाकिटं फोडण्याआधी एक घास नुसता खा. तिखट हवंच असेल तर पास्त्यात आग्लिओ ओलिओ घे : लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची.

पास्ता दाताखाली किंचित कणखर लागतो. रिसोटो या इटालियन भातातला तांदूळही तसाच. मऊ भाताची सवय असलेल्या आईला तो अर्धा कच्चा वाटेल, तिला आधीच सांगून ठेव.

आईबाबा कट्टर शाकाहारी आहेत, तेव्हा चीजबद्दल नक्की विचार. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं रेनेट घालून बनवतात, आणि हे चीज पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या चटणीतही असतं. संकोच करू नकोस, चांगली हॉटेलं शाकाहारी चीज वापरून देतात. तिरामिसू या कॉफीच्या चवीच्या गोड पदार्थात बहुधा अंडं असतं, तेही त्याच दमात विचारून घे.